बांधकामाची धूळ आणि इमारतीची ऊर्जा: मुंबईत पहिल्यांदा साइट सांभाळणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

मुंबईत पहिल्यांदाच एखाद्या बांधकामाची जबाबदारी अंगावर घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यात नुकतेच रुजू झालेले साइट इंजिनिअर आले, स्वयंपुनर्विकासाला निघालेल्या गृहनिर्माण संस्थेचे पदाधिकारी आले आणि उपनगरात पहिली इमारत उभारणारे छोटे विकासकही आले. हवेचे नियम म्हणजे साइटवरची रोजची कटकट आणि ऊर्जेचे नियम म्हणजे आर्किटेक्टची कागदपत्रे, अशी विभागणी मनाशी करूनच बहुतेक जण कामाला लागतात. माझा अनुभव असा आहे की दोन्हींचे भवितव्य एकाच कागदावर ठरते आणि तो कागद म्हणजे कंत्राटदाराला दिलेली बीओक्यू, म्हणजे कामाच्या बाबी, त्यांच्या मात्रा आणि दर यांची यादी. धूळ बसवण्यासाठी लागणारे पाणी, चाके धुण्याची जागा, गच्चीवरचा उष्णतारोधक थर किंवा काचेचा दर्जा यांची ओळ बीओक्यूत नसेल, तर त्या गोष्टींसाठी पैसे कोणी द्यायचे यावरून वाद होतो आणि तो वाद मिटेपर्यंत काम पुढे गेलेले असते. म्हणून खाली दिलेल्या पायऱ्यांपैकी पहिल्या तीन पायऱ्या खड्डा खणण्याआधीच्या आहेत.

पहिली पायरी: तीन आकडे काढा

आपल्या प्रकल्पाला कोणते नियम लागतात हे ठरवण्यासाठी एकूण बांधीव क्षेत्रफळ, इमारतीची उंची व भूखंडाचा आकार, आणि पूर्ण झाल्यावरचा वीजभार हे तीन आकडे हाताशी हवेत.

बांधीव क्षेत्रफळ 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार पूर्व पर्यावरण मंजुरी लागते. या मंजुरीच्या पत्राला जोडलेल्या अटींची यादी लांबलचक असते आणि ती कार्यालयात फाइलबंद होऊन पडते, हे मी अनेकदा पाहिले आहे. ती यादी छापून घ्या आणि प्रत्येक अटीसमोर जबाबदार माणसाचे नाव लिहा, कारण ऊर्जा संवर्धन इमारत संहितेचे पालन, सामायिक जागांत एलईडी दिवे आणि धूळ नियंत्रण या सगळ्या गोष्टी त्याच यादीत एकत्र आलेल्या असतात. अटींच्या पूर्ततेचा अहवाल दर सहा महिन्यांनी, म्हणजे 1 जून आणि 1 डिसेंबरपर्यंत, द्यावा लागतो. अशा प्रकल्पांना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची संमती आणि पुढे चालवण्याची संमतीही घ्यावी लागते.

उंची आणि भूखंडाच्या आकारावर पत्र्याच्या कुंपणाची उंची ठरते. बृहन्मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार 70 मीटरपेक्षा उंच इमारतीच्या प्रकल्पाभोवती, तसेच एक एकरापेक्षा मोठ्या जागेभोवती, किमान 35 फूट उंचीचे पत्रे लागतात. एक एकरापेक्षा लहान जागेला किमान 25 फूट. एवढ्या उंच पत्र्याला वाऱ्याचा जोर किती बसतो याचा अंदाज नवख्यांना नसतो. बांबूच्या टेकूंवर उभे केलेले 25 फुटी कुंपण जूनच्या पहिल्या वादळात रस्त्यावर झोपू शकते. म्हणून त्याच्या लोखंडी सांगाड्याचे आणि पायाचे डिझाइन आरसीसी सल्लागाराकडून घ्या आणि त्याची स्वतंत्र ओळ बीओक्यूत ठेवा.

वीजभाराचा आकडा ऊर्जा संवर्धन कायद्यासाठी लागतो. 2001 च्या या कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 जानेवारी 2023 पासून अमलात आली. त्यानंतर 100 किलोवॅट जोडभार (सर्व उपकरणांचा मिळून वीजभार) किंवा 120 केव्हीए करारमागणी (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) असलेल्या इमारती, निवासी इमारतींसह, कायद्याच्या व्याख्येत आल्या आणि ही मर्यादा आणखी खाली आणण्याची मुभा राज्यांना मिळाली. पंप, लिफ्ट आणि घरोघरचे एसी धरले तर मध्यम आकाराची सोसायटीसुद्धा हा आकडा सहज ओलांडते. राज्यात या विषयाची नियुक्त संस्था महाऊर्जा आहे. व्यापारी इमारतींसाठीची संहिता 2007 पासून आणि निवासी इमारतींसाठीची इको निवास संहिता 2018 पासून आहे, तर 2024 मध्ये दोन्हींच्या सुधारित आवृत्त्या आल्या. आपल्या मंजुरीला नेमकी कोणती आवृत्ती लागू आहे हे आर्किटेक्टकडून तोंडी ऐकून पुढे जाऊ नका, पत्रावर लिहून घ्या.

दुसरी पायरी: भिंत, खिडकी आणि गच्ची नकाशावरच तपासा

ऊर्जेच्या नियमांमधला सर्वांत मोठा भाग इथे आहे, आणि एकदा स्लॅब पडला की तो दुरुस्त करता येत नाही.

इको निवास संहितेचा गाभा समजायला सोपा आहे. बाहेरच्या भिंती व खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेचे प्रमाण मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात प्रति चौरस मीटर 15 वॅटच्या आत राहिले पाहिजे. या आकड्याला आरईटीव्ही म्हणतात. गच्चीसाठी वेगळी मर्यादा आहे. तिचा यू-मूल्याचा आकडा, म्हणजे उष्णता आरपार जाण्याचा दर, 1.2 पेक्षा जास्त असता कामा नये.

आता या आकड्यांना आपल्या नेहमीच्या साहित्याशी ताडून पाहू. 150 मिमीच्या नुसत्या आरसीसी स्लॅबचे यू-मूल्य हिशेबाने तीनच्या वर जाते. आपण सवयीने त्यावर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि मॉर्टरचा थर, घालतो आणि तो पाण्यासाठी चांगला असतो, पण 100 मिमी कोबा घालूनही आकडा दोनच्या पुढेच राहतो. त्यात 40 मिमीचा एक्सपीएस फोमचा (कडक, उष्णतारोधक फोमच्या पत्र्यांचा) थर घातला की तो एकच्या बऱ्याच खाली येतो. म्हणजे गच्चीची अट पाळायची तर वेगळा उष्णतारोधक थर हवाच, कोबा जाड करून भागत नाही. सर्वांत वरच्या मजल्यावर एप्रिल-मे महिन्यांत राहून पाहिलेल्या माणसाला याचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

भिंतींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. प्लास्टर केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीचे यू-मूल्य दोनच्या आसपास येते आणि 200 मिमी एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या, भिंतीचे एकच्या आत राहते. याउलट ॲल्युमिनियम फॉर्मवर्कने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात, ओतलेल्या सलग काँक्रीटच्या भिंतीचे साडेतीनच्या आसपास जाते. मुंबईतल्या उंच इमारतींत ॲल्युमिनियम फॉर्मवर्क वेगासाठी वापरतात, आणि वेग हा खरा फायदा आहे. परंतु मग खिडक्यांवरचे छज्जे, काचेचा दर्जा आणि भिंतीवरचा थर यांच्याकडून ती कसर भरून काढावी लागते. फॉर्मवर्कचा निर्णय कंत्राटदाराने आणि काचेचा निर्णय मार्केटिंगने घेतला, तर आरईटीव्हीचा हिशेब जुळवणे आर्किटेक्टच्या हाताबाहेर जाते.

खिडकीच्या बाबतीत संहिता दोन गोष्टी मागते आणि नवखे लोक त्यांतली एकच लक्षात ठेवतात. काचेतून ऊन कमी यावे ही पहिली. वारा पुरेसा यावा ही दुसरी. उष्ण-दमट भागासाठी उघडणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ घराच्या चटई क्षेत्राच्या किमान 16.66 टक्के, म्हणजे एक षष्ठांश, असले पाहिजे. नागपूरसारख्या संमिश्र हवामानाच्या शहरात हाच आकडा 12.5 टक्के आहे. 60 चौरस मीटरच्या घराला मुंबईत 10 चौरस मीटर उघडणारा भाग हवा. इथे सरकत्या खिडकीचा घोळ होतो. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी पूर्ण उघडली तरी तिचा निम्माच भाग मोकळा होतो, त्यामुळे चार चौरस मीटरची खिडकी हिशेबात दोन चौरस मीटरच धरायची. कडेला उघडणारी जुन्या पद्धतीची खिडकी जवळजवळ पूर्ण धरता येते, आणि बाल्कनीचे दार किंवा वरची झडपही मोजता येते. नकाशावरच्या खिडकीच्या तक्त्यात एकूण मापाशेजारी 'उघडणारे क्षेत्र' असा स्तंभ वाढवून घ्या. हा एक स्तंभ मागितल्यामुळे एका प्रकल्पात हॉलची संपूर्ण बाजू आम्ही नव्याने आखली होती, आणि ते काम पेन्सिलीने झाले म्हणून फुकट झाले.

तिसरी पायरी: निविदेत वेळ लिहा, मात्रा लिहा

माझ्या सुरुवातीच्या नोकरीत एका जुन्या इमारतीचे पाडकाम आमच्याकडे होते. रोज दोन टँकर पाणी मारायचे असे कंत्राटात लिहिले होते, आणि नोंदवहीत रोज दोन टँकरच्या सह्या व्यवस्थित होत्या. पाहणीला आलेल्या पथकाने एकच प्रश्न विचारला: पहिला टँकर किती वाजता येतो? ब्रेकर सकाळी आठला सुरू होत होता आणि टँकर साडेअकराला येत होता. पहिले साडेतीन तास कोरडी भिंत फुटत होती आणि शेजारच्या इमारतीतल्या लोकांनी धुऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर चुन्याचा पांढरा थर बसत होता. नोटीस आली आणि ती योग्यच होती. चूक मुकादमाची नव्हती. कंत्राटात वेळ लिहिली नव्हती, ही आमची चूक होती.

म्हणून निविदेत 'धूळ नियंत्रणाची सर्व व्यवस्था कंत्राटदाराने करावी' असे एका वाक्यात उरकू नका. पाडकाम सुरू होण्याआधी अर्धा तास फवारणी सुरू असली पाहिजे, काम चालू असताना ती खंडित होता कामा नये, आणि त्यासाठी पिण्याचे नव्हे तर प्रक्रिया केलेले पाणी वापरावे, असे स्पष्ट लिहा. पत्रे, हिरवे कापड किंवा ताडपत्री, अँटी-स्मॉग गन (हवेत पाण्याचे बारीक तुषार फेकणारे यंत्र), प्रवेशद्वारावरील चाकधुणी, सीसीटीव्ही आणि हवेची गुणवत्ता मोजणारा सेन्सर यांचे स्वतंत्र दर मागवा. दर वेगळे असले की एखादी गोष्ट केली नाही तर नेमके तेवढे पैसे कापता येतात.

चौथी पायरी: साइटचे दार

प्रवेशद्वारावर उभे राहून तासभर पाहिले तर साइट नियम पाळते की नाही हे कळते.

राडारोडा नेणारे वाहन काठोकाठ भरलेले नसावे आणि पूर्ण झाकलेले असावे. मुंबई उच्च न्यायालयानेही नोव्हेंबर 2023 मध्ये शहराच्या हवेसंबंधीच्या स्वतःहून दाखल केलेल्या याचिकेत हे बजावले आहे. ताडपत्री नुसती टाकून चालत नाही, ती फाळक्याच्या खाली दोरीने बांधलेली हवी. त्यानंतर चाके. डंपरच्या मागच्या जोडचाकांमधल्या फटीत ओल्या मातीचा गोळा अडकून बसतो. बाहेरून पाइपने पाणी मारल्यावर टायर स्वच्छ दिसतो, पण तो गोळा तसाच राहतो आणि पहिल्या सिग्नलच्या आसपास रस्त्यावर गळून पडतो. दुपारपर्यंत तो वाळतो आणि इतर वाहनांच्या चाकांखाली भरडून त्याची धूळ होते. म्हणून चाकधुणीसाठी खडीचा किंवा लोखंडी जाळीचा उथळ हौद करा, त्यावर डंपर एक फेरा पुढेमागे घ्यायला लावा आणि दोन माणसांकडून फटीत पाणी मारून घ्या. हौदातले गढूळ पाणी गटारात न सोडता गाळ बसवण्याच्या टाकीत न्या, नाहीतर तोच गाळ पावसाळी नाल्यात जाईल. साइटच्या आतला रस्ताही खडी किंवा काँक्रीटचा हवा, कारण आत कच्ची माती असेल तर दारावरची सगळी मेहनत वाया जाते.

पाचवी पायरी: आतले काम

माती, वाळू आणि सिमेंट उघडे ठेवायचे नाही, आणि रस्त्याकडेला तर ठेवायचेच नाही. कापणे आणि घासणे उघड्यावर करायचे नाही. हे केंद्र सरकारच्या जानेवारी 2018 च्या अधिसूचनेतही आहे आणि महापालिकेच्या सूचनांतही आहे. प्रत्यक्षात मार्बल कटर हातात घेतलेला कारागीर जिथे लादी बसवायची असते तिथेच बसून ती कापतो, कारण त्याला मजल्यांची चढ-उतार नको असते. यावर उपाय एकच: दर चार-पाच मजल्यांवर बंदिस्त कापणीची खोली करा, तिथे पाण्याची धार असलेला कटर ठेवा आणि लाद्यांचे माप घेऊन जाणारा एक मदतनीस द्या. लादी व काँक्रीट कापताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर फुप्फुसांचा सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला बांधलेल्या रुमालाने ही धूळ अडत नाही. एन-95 प्रतीचा मास्क द्या आणि तो रोज बदलून द्या. नियमांतली ही बाब मला इतर सर्वांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते, कारण शेजारी निदान तक्रार तरी करू शकतो.

धुळीचे आणि ऊर्जेचे नियम एकाच भिंतीवर कसे भेटतात तेही पाहा. एएसी ब्लॉकची भिंत उष्णता अडवते म्हणून आपण ती निवडतो, पण ग्राइंडरने ब्लॉक कापला किंवा वायरिंगच्या पाइपसाठी झिरी पाडली की पांढऱ्या भुकटीचा ढग उठतो. ब्लॉक हाताच्या करवतीने कापला तर कण जाड पडतात आणि तिथेच बसतात. झिरीसाठी धूळ ओढून घेणारी मशीन वापरा आणि विजेचे नकाशे आधी पक्के करून झिऱ्यांची संख्याच कमी करा.

साइटवरच्या जनरेटरचा विचार बहुतेकांना उशिरा सुचतो. शक्य असेल तिथे तात्पुरती वीजजोडणी घ्या. जनरेटर ठेवायचाच असेल, तर 1 जुलै 2023 पासून लागू झालेल्या नव्या उत्सर्जन मानकांचा, म्हणजे सीपीसीबी-4 प्लसचा, संच मागा. धुराड्याची उंची ज्या इमारतीत किंवा इमारतीलगत तो ठेवला असेल तिच्या उंचीपेक्षा केव्हीएच्या वर्गमुळाच्या 0.2 पट मीटरने जास्त हवी: 100 केव्हीएसाठी 2 मीटर, 225 केव्हीएसाठी 3 मीटर. साइटवरच आरएमसी (तयार मिश्रित काँक्रीटचा) प्लांट बसवणार असाल तर प्रदूषण मंडळाची वेगळी संमती घ्या.

सहावी पायरी: राडारोड्याचा हिशेब

2016 च्या नियमांनुसार दिवसाला 20 टन किंवा प्रकल्पात महिन्याला 300 टनांहून जास्त राडारोडा निर्माण करणाऱ्यांनी काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-मॉर्टर असे चार भाग वेगळे करायचे आणि पाडकामाआधी व्यवस्थापन आराखडा मंजूर करून घ्यायचा, अशी पद्धत होती. एप्रिल 2025 मध्ये नवे नियम अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणीची तारीख 1 एप्रिल 2026 ठरली आणि 20,000 चौरस मीटर किंवा अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकली गेली. नियम कोणतेही असोत, साइटवर चार वेगळे ढीग करायची सवय मोडू नका, कारण मिसळलेला माल प्रक्रियेला निरुपयोगी ठरतो. प्रत्येक फेरीची पावती राडारोडा स्वीकारणाऱ्या केंद्राची असावी. वाहतूकदाराने दिलेली चिठ्ठी पुरावा धरू नका. एखाद्या फ्लॅटचे नूतनीकरण करणाऱ्यांसाठी महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे. पोत्यांत भरलेला राडारोडा रात्री नाल्याकाठी टाकून येणाऱ्या ठेकेदारापेक्षा ती केव्हाही बरी.

सातवी पायरी: सेन्सर वाचायला शिका

पीएम 10 म्हणजे हवेतले 10 मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण आणि पीएम 2.5 म्हणजे त्यांतले 2.5 मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण. देशाच्या 2009 च्या मानकांनुसार पीएम 10 ची 24 तासांची सरासरी प्रति घनमीटर 100 मायक्रोग्रॅमच्या आणि पीएम 2.5 ची 60 च्या आत हवी. बांधकामाची धूळ मुख्यतः पीएम 10 वाढवते. त्यामुळे तुमच्या सेन्सरवर पीएम 10 एकदम उसळला आणि पीएम 2.5 फारसा हलला नाही, तर कारण बहुधा आतच आहे: कुठेतरी कोरडी झाडलोट चालली असेल, किंवा डंपर सुकलेल्या मातीवरून गेला असेल. सेन्सर पत्र्याच्या कोपऱ्यात किंवा फवाऱ्याखाली लावून आकडा कमी दाखवू नका. तो वाऱ्याच्या खालच्या बाजूला, माणसाच्या श्वासाच्या उंचीजवळ लावा. दर सोमवारी मुकादमासोबत मागच्या आठवड्याचा आलेख पाहा आणि प्रत्येक उसळीसमोर कारण लिहा.

ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत विशेष दक्षता लागते. त्या काळात समुद्राकडचा वारा मंदावतो, थंड हवेचा थर खाली बसतो आणि जमिनीजवळची धूळ वर निघून जात नाही. डिसेंबर 2024 च्या अखेरीस भायखळा आणि बोरिवली पूर्व या भागांतली सर्वच बांधकामे थांबवण्याचे आदेश महापालिकेने दिले, तेव्हा नियम पाळणाऱ्या साइटही बंद झाल्या. म्हणून पाडकाम आणि खोदकाम यांचे वेळापत्रक शक्यतो या महिन्यांच्या बाहेर ठेवा, आणि बंदीचे काही दिवस गृहीत धरूनच कार्यक्रम आखा.

आठवी पायरी: झाकण्याआधी फोटो, बदलण्याआधी सही

धूळ उडताना सर्वांना दिसते. ऊर्जेचे काम मात्र प्लास्टर आणि लाद्यांच्या मागे जाते आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी ते सिद्ध करणे अवघड होते. एक्सपीएसचे पत्रे अंथरल्यावर, त्यांवर कोबा पडण्यापूर्वी, जाडी मोजणाऱ्या टेपसह तारखेचा फोटो घ्या. काचेच्या प्रत्येक खेपेसोबत तिच्यातून येणाऱ्या सौर उष्णतेचे प्रमाण, म्हणजे एसएचजीसी, लिहिलेला दाखला मागा. साध्या पारदर्शक काचेचा हा आकडा 0.8 च्या आसपास असतो आणि नकाशात 0.4 धरून हिशेब केला असेल तर डोळ्यांना दोन्ही काचा सारख्याच दिसू शकतात. खर्च वाचवण्यासाठी शेवटच्या टप्प्यात साहित्य बदलण्याचा प्रस्ताव हमखास येतो. तो आला की आरईटीव्हीचा हिशेब नव्याने करून आर्किटेक्टची सही घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

ताबा देताना सोसायटीला फवारणीच्या वह्या नकोत, पण पंपांचे, लिफ्टचे आणि दिव्यांचे दाखले, काचेचे तपशील व गच्चीचे छेद हवेत. सौर पॅनेल नंतर बसवायची असतील तर त्यांचा पाया आणि केबलची वाट आताच करून ठेवा. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी प्रति किलोवॅट 18,000 रुपये केंद्रीय साहाय्य मिळते, आणि जलरोधनाचा थर फोडून पाया करणे पुढे महागात पडते. दहा वर्षांनी गच्ची गळू लागली की येणारा जलरोधक ठेकेदार आधी सगळे फोडायला सांगतो आणि त्याला खालच्या फोमची कल्पना नसते. त्यासाठी थरांचा छेद दाखवणारा एक नकाशा लॅमिनेट करून गच्चीच्या दाराच्या आतल्या बाजूला लावून ठेवा.